लाळेची साक्ष : मुखदाह आणि मनस्ताप यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

दस्तऐवज, साक्षीदार आणि भोगवटा हे तिन्ही मानुष पुरावे जेथे संपतात तेथे निवाड्यासाठी कोणता मार्ग धरावा, या प्रश्नाला आपल्या धर्मशास्त्रकारांनी दिव्याच्या रूपाने उत्तर दिले, आणि त्या दिव्यांत अग्नी, जल, विष अशा भयंकर प्रकारांच्या शेजारी तंडुलदिव्य नावाचा एक वरकरणी निरुपद्रवी प्रकार सांगितला. चोरीचा आळ आलेल्या मनुष्याला पूर्वेकडे तोंड करून बसवावे, देवाच्या स्नानोदकात रात्रभर ठेवलेले तांदूळ त्याला चावावयास लावावेत आणि ते पिंपळाच्या किंवा भूर्जाच्या पानावर थुंकावयास सांगावे; थुंकीत रक्त दिसले, जबड्याला वा टाळूला इजा झाली, अंगाला कंप सुटला, तर तो मनुष्य अशुद्ध समजावा, असा तो विधी आहे; आणि कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात राहून विज्ञानेश्वराने लिहिलेली जी ‘मिताक्षरा’ महाराष्ट्रातील न्यायव्यवहाराला पुढे शतकानुशतके आधारभूत झाली, तिच्यातील दिव्यप्रकरणातही त्याला स्थान मिळालेले आहे. भयाने तोंडाला कोरड पडते, कोरड्या तोंडात तांदळाचा दाणा भिजत नाही आणि न भिजलेला दाणा मऊ त्वचेला खरवडतो, एवढे निरीक्षण या विधीच्या मुळाशी असावे असा तर्क करण्यास हरकत नाही. निरीक्षण खरे होते. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घातक होता, कारण लाळ आटली यावरून मनुष्य भ्यालेला आहे एवढेच कळते, तो कशाने भ्याला हे कळत नाही. आणि दिवाणात उभ्या केलेल्या निरपराध गरिबाचे तोंड निर्ढावलेल्या चोरापेक्षा अधिक कोरडे पडले असेल, हे समजण्यास शास्त्राधाराची गरज नाही.

पुढील पानांत ज्या विषयाचे विवेचन येणार आहे त्याचे सारे आकर्षण आणि सारे धोके या एका जुन्या विधीत सामावलेले आहेत, म्हणून त्याचा उल्लेख आरंभीच केला. तोंडातील दीर्घकालीन दाहाचे विकार, त्या विकारांनी ग्रस्त झालेल्या माणसांचा ताण आणि चिंता, आणि त्या चिंतेचा माग काढण्यासाठी लाळेत शोधली जाणारी रासायनिक चिन्हे, असा हा त्रिविध विषय आहे. यांपैकी पहिला दंतवैद्याच्या कक्षेतला, दुसरा मानसरोगतज्ज्ञाच्या आणि तिसरा प्रयोगशाळेच्या; तिघांची दप्तरे निराळी, परिभाषा निराळी, आणि तिघांच्या दारांतून फिरणारा रोगी मात्र एकच, अशी आजची स्थिती आहे.

दीर्घकालीन मुखदाहाचे विकार अनेक आहेत. वारंवार तोंड येणे हा त्यांतला सर्वांच्या परिचयाचा. हिरड्यांचा आणि दातांच्या आधारास्थीचा ऱ्हास घडविणारा परिदंतदाह, ज्याला लोक अजून पायोरिया म्हणतात, तो सर्वांत व्यापक. परंतु मनाचा आणि मुखाचा संबंध ज्या विकाराच्या निमित्ताने सर्वाधिक चर्चिला गेला तो लायकेन प्लेनस हा होय, आणि या प्रस्तावनेत मी मुख्यतः त्याचाच आधार घेणार आहे. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ साली या विकाराचे वर्णन करून त्याला नाव दिले, आणि त्याच्या डागांवर दिसणाऱ्या ज्या सूक्ष्म पांढऱ्या रेषा आज प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात त्यांचे वर्णन पॅरिसच्या लुई विकहॅम यांनी १८९५ साली केले. प्रौढ लोकसंख्येत शंभरात सुमारे एकाला हा विकार तोंडात आढळतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक, आणि बहुधा तिशी उलटल्यानंतर. गालाच्या आतल्या बाजूस दोहीकडे जाळीसारख्या पांढऱ्या रेषा उमटतात, आणि विकार एवढ्यावरच थांबला तर रोग्याला त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु त्याचे क्षरणशील रूप प्रकट झाले, म्हणजे ती श्लेष्मल त्वचा सोलवटून लाल होते, आणि मग मिरचीचा ठेचा राहोच, साधी आमटी किंवा टूथपेस्टसुद्धा तोंडात धरवत नाही. महिनोन्महिने बरे वाटावे आणि एखाद्या आठवड्यात सारे पुन्हा उसळावे, अशी त्याची गती असते. वर्षानुवर्षे तो माणसाच्या सोबतीला राहतो.

याची कारणपरंपरा आज पुष्कळशी उलगडली आहे. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशी, विशेषतः सीडी-८ या वर्गातील, आपल्याच श्लेष्मल त्वचेच्या तळाशी असलेल्या पेशींना परक्या समजून त्यांचा नाश करू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्वचेच्या खालच्या कडेला या पेशींचा एक पट्टाच दाटलेला दिसतो. शरीराच्या बंदोबस्तासाठी ठेवलेली फौज आपल्याच रयतेवर का उलटली, याचे समाधानकारक उत्तर मात्र सर्व रोग्यांच्या बाबतीत मिळालेले नाही. काहींत औषधांची प्रतिक्रिया, काहींत दातात भरलेल्या धातूचा स्पर्श, काहींत यकृतदाहाच्या ‘सी’ विषाणूचा संबंध सापडतो. उरलेल्यांत, आणि तेच बहुसंख्य आहेत, कारणाच्या रकान्यात काही लिहिता येत नाही. रोग्याला विचारले तर तो पुष्कळदा सांगतो, की मुलीच्या लग्नाची बोलणी फिसकटली त्या सुमारास हे सुरू झाले, किंवा धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर, किंवा गिरणी बंद पडल्यावर. ही जबानी वैद्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकली, काहींनी केसपेपरावर नोंदली, बहुतेकांनी मान डोलावून सोडून दिली.

या महाराष्ट्रात त्या रोग्याच्या मनःस्थितीला आणखी एक पदर आहे, आणि तो युरोपातल्या ग्रंथांत दिसणार नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागात डॉ. फली मेहता यांनी डेन्मार्कच्या प्रा. येन्स पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने जे काम उभारले त्यात भारताच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील खेडुतांची तोंडे घरोघर जाऊन तपासली गेली. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५०,९१५ आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या, केवळ महाराष्ट्रापुरत्या पाहणीत १,०१,७६१ ग्रामस्थांचा समावेश होता. एवढ्या प्रचंड प्रमाणावर माणसांच्या मुखाची शास्त्रीय मोजदाद त्यापूर्वी जगात क्वचितच झाली असेल. तंबाखू, मिश्री, विडी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध या कामाने निःसंशयपणे पुढे आणला, आणि त्याचा एक परिणाम असा झाला, की तोंडातला कोणताही पांढरा डाग आपल्याकडे आता मृत्यूच्या फर्मानासारखा वाचला जातो. लायकेन प्लेनसमध्ये क्वचित कर्करोग उद्भवतो हे खरे आहे, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने त्याला संभाव्य घातक विकारांच्या यादीत ठेवले आहे. पण ते प्रमाण अनेक वर्षांच्या अवधीत शंभरांत सुमारे एक इतकेच आहे. आरशात गालाच्या आत पांढरी जाळी पाहिलेल्या बाईला हे प्रमाण कोणी सांगितलेले नसते. तिला झोप लागत नाही, ती दिवसातून दहा वेळा जिभेने तो डाग चाचपते, आणि मग एक दिवस तिच्या चिंतेची गणना करणारी प्रश्नावली तिच्या हाती देऊन आपण असा निष्कर्ष काढतो, की या विकाराच्या रोग्यांत चिंतेचे प्रमाण अधिक आढळते. ही चिंता रोगाची माता, की रोगाची कन्या? या सबंध विषयातला कळीचा प्रश्न हाच आहे, आणि पुढे त्याकडे पुन्हा वळावे लागेल.

मनोविकारांनी शरीर बिघडते हा विचार आपल्या वैद्यकाला नवा नाही. चरकाने भयाने आणि शोकाने होणारे अतिसार स्वतंत्रपणे सांगितले, काम, शोक, भय आणि क्रोध यांनी येणारा ज्वर सांगितला. सुश्रुताने पासष्ट मुखरोगांची गणना केली. वाग्भटाने जिभेवर राहून रसाचे ज्ञान करून देणाऱ्या बोधक कफाला स्वतंत्र नाव दिले. पण त्या परंपरेत मनस्तापाचे माप घेण्याचे साधन नव्हते, आणि ज्याचे माप नाही त्यावर मतभेद मिटत नाहीत. ते साधन हाती येण्याचा मार्ग विसाव्या शतकात खुला झाला. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी भय आणि क्रोध यांच्या आवेगात शरीरात घडणाऱ्या बदलांचा अभ्यास १९१५ च्या आपल्या ग्रंथात मांडला. माँट्रिअलला काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या पत्रात एक छोटे टिपण प्रसिद्ध करून दाखविले, की उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम किंवा विष, यांपैकी कशानेही गांजले तरी त्यांच्या शरीरात तीच तीन लक्षणे उमटतात: अधिवृक्क ग्रंथी फुगतात, थायमस व लसिका ग्रंथी आक्रसतात आणि जठरात व्रण पडतात. यांतल्या दुसऱ्या लक्षणाकडे त्या काळी पुरेसे लक्ष गेले नाही. थायमस ही प्रतिकारपेशींची शाळा आहे हे पुढे कळले, आणि मग ताण व प्रतिकारशक्ती यांचा दुवा त्या टिपणात आधीच नोंदलेला होता असे दिसून आले.

मेंदूतील अधश्चेतक, त्याच्या हुकमतीतील पीयूषिका आणि मूत्रपिंडांवर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी अशी ही साखळी आहे, आणि तिचे शेवटचे उत्पन्न म्हणजे कॉर्टिसॉल. रक्तातले बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना जखडलेले असते. जो थोडा अंश मोकळा असतो तोच कार्यक्षम, आणि स्निग्धात विरघळणारा असल्यामुळे तोच लाळग्रंथींच्या पेशींतून सहज पाझरून लाळेत उतरतो. म्हणजे लाळेच्या थेंबात शरीराच्या ताणयंत्रणेचा जो भाग प्रत्यक्ष काम करीत असतो त्याचाच हिशेब मिळतो, आणि तोही सुई न टोचता. ही सोय सामान्य नव्हे, कारण सुईच्या दर्शनानेच कित्येकांचे कॉर्टिसॉल वाढते. दुसरे चिन्ह अमायलेज या पाचकद्रव्याचे. लाळग्रंथींवर दोन मज्जासंस्थांचा अंमल चालतो. परानुकंपी मज्जातंतूंनी चालना दिली म्हणजे लाळ पाण्यासारखी आणि विपुल येते, अनुकंपी मज्जातंतूंचा जोर वाढला म्हणजे ती प्रथिनांनी दाट होते, आणि त्या प्रथिनांत अमायलेज प्रमुख असते. त्यामुळे कॉर्टिसॉल चढण्यास वीस-तीस मिनिटे लागतात तेथे अमायलेज काही मिनिटांतच वाढलेले दिसते. तिसरे चिन्ह मुखाचे रक्षण करणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिन ‘ए’ या प्रतिपिंडाचे. तात्कालिक ताणात ते वाढते, आणि दीर्घ ताणात घटल्याचे अनेक पाहण्यांत नोंदले गेले आहे.

ही चिन्हे खरोखर मनाच्या स्थितीशी बांधलेली आहेत, याची खातरजमा जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीने झाली. तीत निरोगी माणसाला अनोळखी परीक्षकांपुढे उभे करून अल्प तयारीनिशी भाषण करावयास लावतात आणि लगेच मोठ्या संख्येतून ठराविक संख्या तोंडी वजा करीत जाण्यास सांगतात. परीक्षकांचे चेहरे निर्विकार असतात आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. बहुतेकांच्या लाळेतले कॉर्टिसॉल या वेळी स्पष्टपणे चढते. तंडुलदिव्याची ही प्रयोगशाळेतली आवृत्तीच म्हणावी लागेल, मात्र येथे कोणावर आळ नसतो आणि निर्णय कोणाविरुद्ध जात नाही.

पण निरोगी माणसाची लाळ बदलली एवढ्यावरून तोंडाचा रोग मनाने वाढतो असे सिद्ध होत नाही. मधला दुवा कोणी दाखविला असेल तर तो ओहायो राज्य विद्यापीठातील मरूचा, कीकोल्ट-ग्लेझर आणि फावागेही यांनी, १९९८ साली. त्यांनी दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या कठीण टाळूवर साडेतीन मिलिमीटर व्यासाची लहानशी जखम दोन वेळा केली, एकदा उन्हाळ्याच्या सुटीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तोंडावर, आणि दोन्ही वेळी ती भरून येण्यास किती दिवस लागतात ते पाहिले. माणसे तीच, टाळू तोच, जखम तेवढीच; परीक्षेच्या काळातली जखम भरण्यास सरासरीने तीन दिवस अधिक लागले, म्हणजे चाळीस टक्के अधिक काळ. एकाही विद्यार्थ्याची परीक्षेतली जखम सुटीतल्या जखमेइतक्या लवकर भरली नाही. या प्रयोगाइतका निर्विवाद आणि सुबक पुरावा मुखवैद्यकात मला दुसरा आढळलेला नाही, आणि मुख्य म्हणजे परीक्षा ही कोणतीही असामान्य आपत्ती नव्हे; ती दरवर्षी येते आणि जाते. जेथे ताण परीक्षेसारखा संपत नाही, जेथे तो कर्जाचा, आजारी सासऱ्याच्या शुश्रूषेचा किंवा दारू पिणाऱ्या नवऱ्याचा असतो, तेथे त्या मुखावर वर्षानुवर्षे काय गुदरत असेल याचा विचार हा आकडा वाचल्यावर टाळता येत नाही.

परिदंतदाहाच्या बाबतीत न्यूयॉर्क राज्यातील, बफेलो शहर ज्यात येते त्या एरी परगण्यात १,४२६ प्रौढांची जी पाहणी झाली आणि १९९९ साली प्रसिद्ध झाली, तीही या संदर्भात मोलाची आहे. पैशाच्या ओढाताणीने गांजलेल्या माणसांच्या दातांभोवतालचा आधार अधिक खचलेला आढळला. परंतु त्यांतल्याच ज्यांनी अडचणीला थेट तोंड देण्याची, तिच्यावर उपाय शोधण्याची रीत अंगी बाणवली होती, त्यांच्यात ही हानी जवळजवळ दिसली नाही. हिरड्यांचा ऱ्हास होतो तो केवळ संकटाने नव्हे, संकटाशी माणसाचा जो व्यवहार असतो त्यानेही होतो, असा याचा अर्थ. मात्र ओढाताणीत सापडलेला मनुष्य दातही नीट घासत नाही आणि विडी अधिक ओढतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. संशोधकांनी विडीकाडी वगैरे गोष्टींचा हिशेब वेगळा काढला होता, म्हणूनच त्यांचे म्हणणे ग्राह्य ठरते.

आता या विषयातल्या सर्वांत खोल विसंगतीकडे वळतो. ज्या कॉर्टिसॉलला आपण ताणाचे चिन्ह म्हणून लाळेत शोधतो त्याच्याच कुळातले द्रव्य आपण रोग्याच्या गालावर औषध म्हणून लावतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ च्या सप्टेंबरात संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला एडवर्ड केंडल यांनी वेगळे काढलेले कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली; १९५० साली या दोघांना आणि स्वित्झर्लंडच्या ताडेउश राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून दाहशामक औषधांत या कुळाचे स्थान अग्रभागी आहे, आणि लायकेन प्लेनसवर आजही पहिला उपाय ट्रायॅम्सिनोलोन किंवा क्लोबेटासोल यांच्या लेपाचाच. मग जर ताणाने कॉर्टिसॉल वाढते आणि कॉर्टिसॉलने दाह शमतो, तर ताणाने दाह कमी व्हावयास हवा. तसे का होत नाही?

याचा जो खुलासा आज अधिक मान्य आहे तो असा: ताण थोड्या वेळाचा असेल तर कॉर्टिसॉल दाहाला आवरते, परंतु तो महिनोन्महिने टिकला म्हणजे प्रतिकारपेशी त्या आज्ञेला दाद देईनाशा होतात. पिट्सबर्ग येथे शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की दीर्घ ताणाखाली असलेल्या स्वयंसेवकांच्या पेशी कॉर्टिसॉलला पुरेसा प्रतिसाद देत नव्हत्या, आणि नाकात सर्दीचा विषाणू सोडल्यावर ज्यांच्यात हा प्रतिसाद मंदावलेला होता तेच अधिक प्रमाणात आजारी पडले. म्हणजे प्रश्न कॉर्टिसॉल किती आहे एवढाच नाही. ते कोणी ऐकते आहे की नाही, हाही आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लाळेच्या नळीत मिळत नाही. लाळेतल्या एका आकड्यावर ज्यांनी मोठमोठे सिद्धांत उभारले त्यांनी ही मर्यादा ध्यानात घेतलेली दिसत नाही.

त्यामुळे लायकेन प्लेनसच्या रोग्यांतील लाळेच्या कॉर्टिसॉलविषयी जे संशोधन झाले त्यात एकवाक्यता नाही, याचे आश्चर्य वाटू नये. इस्तंबूलहून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोग्यांचे कॉर्टिसॉल आणि चिंता ही दोन्ही निरोगी माणसांपेक्षा अधिक आढळली; ब्राझीलमधून २०११ साली आलेल्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही. भारतातल्या दंत महाविद्यालयांतूनही या धर्तीचे अनेक निबंध निघाले आहेत. या परस्परविरोधाची मीमांसा करताना सांख्यिकीच्या सूक्ष्म तपशिलांत शिरण्यापूर्वी लाळ कशी गोळा केली, हे पाहणे अधिक फलदायी ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉर्टिसॉलला दिवसाची भरती-ओहोटी आहे. जाग आल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात ते शिखरावर जाते, मग उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते. आपल्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी दहाला नमुना घेतला असे निबंधात लिहिलेले असते. पण तालुक्याच्या गावाहून पहिली एसटी पकडण्यासाठी पहाटे चारला उठलेल्या रोग्याचे दहा वाजणे आणि त्याच महाविद्यालयातल्या, साडेआठला उठलेल्या निरोगी विद्यार्थ्याचे दहा वाजणे ही एक वेळ नव्हे. घड्याळाची वेळ सारखी ठेवली आणि जागण्याची वेळ विचारली नाही, तर रोगाचा म्हणून जो फरक मोजला तो प्रत्यक्षात प्रवासाचा असतो. पुढे रांगेत उभे राहताना पोटात गेलेला चहा, गालात ठेवलेली तंबाखू, तपासणीच्या खुर्चीची धास्ती, या प्रत्येकाचा परिणाम त्या नमुन्यावर होतो. रोगी आधीपासून स्टेरॉइडचा लेप लावीत असेल तर औषधाचाच अंश मापात मोजला जाण्याची भीती, आणि औषध रक्तात उतरून शरीराचे स्वतःचे उत्पादन मंदावण्याची भीतीही. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्यांनी लाळ आटते, आणि लाळ आटली की अमायलेज व प्रतिपिंड यांचे प्रमाण वाढलेले भासते; कॉर्टिसॉलला प्रवाहाचा हा फरक फारसा बाधत नाही. क्षरण झालेल्या गालातून आणि सुजलेल्या हिरड्यांतून लाळेत रक्त व ऊतकस्राव मिसळतो, म्हणून इंटरल्यूकिन-६ यासारखी दाहाची द्रव्ये लाळेत वाढलेली दिसली तर ती जखमेची खूण आहे, मनाची नव्हे. लाळग्रंथी तर कॉर्टिसॉलचा काही भाग बाहेर सोडण्यापूर्वीच कॉर्टिसोनमध्ये पालटून टाकतात. इतक्या गोष्टींची नोंद ज्या अभ्यासात नाही त्याचा आकडा दशांश चिन्हापुढे कितीही स्थळे दाखवो, तो पुराव्यात धरू नये.

याचा अर्थ लाळेची साक्ष निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. शरीरातील कॉर्टिसॉलचे उत्पादन बेबंद झाल्याने होणाऱ्या कुशिंगच्या विकारात मध्यरात्रीच्या लाळेतील कॉर्टिसॉल ही आज जगभर मान्यता पावलेली प्राथमिक तपासणी आहे, आणि तिचे कारणही उघड आहे: तेथे वेळ पक्की, प्रश्न नेमका आणि निरोगी व रोगी यांतला फरक मोठा असतो. मुखदाहात प्रश्नच अजून नीट मांडला गेलेला नाही. एका सकाळच्या एका नमुन्याऐवजी त्याच रोग्याची लाळ अनेक दिवस, जाग आल्यापासून झोपेपर्यंत ठराविक अंतराने, त्याच्या घरी गोळा केली, विकार उसळलेला असतानाची आणि शांत असतानाची मापे एकमेकांशी ताडून पाहिली, आणि सोबत त्या काळातल्या घटनांची त्याने स्वतः सांगितलेली कैफियत ठेवली, तर कदाचित पहिल्यांदाच आपल्याला कळेल, की चिंता आधी चढते की व्रण आधी उघडतो. ओहायोच्या प्रयोगाचे सामर्थ्य नेमके यातच होते, की त्यात प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच केली होती.

या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत वैद्याने एका गोष्टीपासून कटाक्षाने दूर राहिले पाहिजे, आणि हे लिहिताना मला अलिप्त राहता येत नाही. “तुमचे सगळे टेन्शनमुळे आहे, काळजी करू नका, बरे वाटेल,” हे वाक्य आपल्या रुग्णालयांत दररोज उच्चारले जाते. ज्या स्त्रीच्या तोंडाची आग सहा महिने शमलेली नाही तिच्या कानांना ते आरोपासारखे लागते: म्हणजे हे मीच ओढवून घेतले. घरची माणसे तेच वाक्य पुढे तिच्याविरुद्ध वापरतात. वास्तविक टी-पेशींनी तिची त्वचा जाळली आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तिच्या स्वभावाने ती जाळलेली नाही. ताणाने विकार भडकत असेल, पण ताण देणारी परिस्थिती बहुधा तिच्या हातची नसते, आणि त्या परिस्थितीविषयी एक प्रश्नही न विचारता तिला निश्चिंत राहण्याचा उपदेश करणे हे वैद्यकाचे काम नव्हे. याच्या उलट टोकाला जाऊन, मनाचा येथे काही संबंधच नाही म्हणून लेपाची नळी लिहून देणे आणि पुढच्या रोग्याला हाक मारणे, हीही तितकीच मोठी चूक आहे; कारण ज्यांची झोप उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे, त्यांना मानसोपचाराची गरज असते, आणि त्यांना तो मिळाला तर त्यांचे जगणे सुसह्य होते, मग डाग पुसला जावो न जावो.

पुढील प्रकरणांत लाळेची रचना, ताणाची शरीरक्रिया, निरनिराळ्या मुखविकारांचे स्वरूप आणि चिंता मोजण्याच्या प्रश्नावल्या यांचे सविस्तर विवेचन आहे. प्रश्नावल्यांपैकी मॅक्स हॅमिल्टन यांची १९५९ सालची आणि झिग्मंड व स्नेथ यांची १९८३ सालची, चौदा प्रश्नांची, या दोन अधिक प्रचारात आहेत. दुसरी मुद्दाम रुग्णालयातल्या शारीरिक रोग्यांसाठी तयार केलेली असल्याने मुखविकारांत तीच अधिक योग्य, असे मला वाटते. ज्या वाचकाला रसायनशास्त्राची धास्ती वाटेल त्याने ते प्रकरण शेवटी वाचले तरी चालेल. पण नमुना गोळा करण्याच्या पद्धतीचे प्रकरण कोणीही गाळू नये.

दंत महाविद्यालयांत या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की नळीवर रोग्याचा क्रमांक लिहाल तेव्हा तो किती वाजता उठला, कसा आला, काय खाल्ले, कोणती औषधे घेतो आणि तंबाखू केव्हा घेतली हे त्याच कागदावर लिहा, आणि त्यानंतर त्याला पाच मिनिटे बोलू द्या. आणि ज्या वाचकाच्या स्वतःच्या तोंडात पांढरी जाळी किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, त्याने लाळेच्या कोणत्याही तपासणीची वाट पाहू नये; या विकाराचे निदान आजही डोळ्यांनी पाहून आणि त्वचेचा लहानसा तुकडा तपासूनच होते, ते एकदा करून घ्यावे, तंबाखू असेल तर सोडावी, आणि पुढे दर सहा महिन्यांनी किंवा आपले डॉक्टर सांगतील तेव्हा तोंड दाखवीत जावे.